दिवसाला दीडशे माणसे : नेफरतारीच्या कबरीतील हवा, मीठ आणि तिकीट

इजिप्तमध्ये लक्सरजवळ, नाईलच्या पश्चिम तीरावर राण्यांचे खोरे आहे. तिथली क्यूव्ही ६६ क्रमांकाची कबर रामसेस दुसरा याची पट्टराणी नेफरतारी हिची. इ.स.पू. १३व्या शतकात खडकात खोदलेल्या या कबरीत सुमारे ५२० चौरस मीटर भित्तिचित्रे आहेत आणि ती प्राचीन इजिप्तमधल्या सर्वांत देखण्या चित्रांत गणली जातात. १९८६ ते १९९२ या काळात त्यांचे जतन झाले. नोव्हेंबर १९९५ मध्ये दिवसाला १५० माणसांची मर्यादा घालून कबर खुली केली गेली. २००३ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि २०१६च्या अखेरीस १,००० इजिप्शियन पाउंडांचे वेगळे तिकीट लावून परत उघडली.

या सगळ्या प्रवासात वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला : दिवसाला किती माणसे सोडायची? आमच्या मते प्रश्नाची मांडणीच अपुरी आहे. बंदिस्त भुयारात माणसांची बेरीज दुय्यम असते. त्यांनी आत सोडलेले बाष्प बाहेर पडायला किती वेळ लागतो, हे आधी पाहावे लागते, आणि तो वेळ जानेवारीत एक असतो, जुलैत दुसरा. हे प्रकरण त्या अंगाने वाचले तर बरेच निर्णय वेगळे दिसू लागतात.

भिंत कशाची बनली आहे

राण्यांच्या खोऱ्यातला चुनखडक हलक्या प्रतीचा आहे. तो तडकलेला असून त्यात चिकणमातीचे थर आणि भरपूर मीठ आहे. राजांच्या खोऱ्यात अनेक ठिकाणी कारागिरांना थेट खडकात कोरता आले, इथे ते शक्य नव्हते. म्हणून त्यांनी आधी गिलाव्याचे जाड थर चढवले, त्या गिलाव्यात उठाव कोरला आणि मग रंग भरले. गिलाव्यात जिप्सम, माती आणि धरून ठेवायला गवताचा भुसा. रंगांत लाल आणि पिवळी गेरूची माती, काजळी, तांब्यापासून भट्टीत बनवलेला इजिप्शियन निळा आणि हिरवा. रंग बांधायला बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक.

हा डिंक पाण्यात विरघळतो. त्यामुळे ही चित्रे ओल्या फडक्याने पुसता येत नाहीत आणि हवेतला ओलावा वाढला की रंगाची पकड ढिली होऊ शकते. पण डिंकापेक्षा मोठा शत्रू भिंतीच्या आत बसलेला आहे, तो म्हणजे आपले रोजचे मीठ, सोडियम क्लोराइड.

मीठ कोरडे असेपर्यंत निरुपद्रवी असते. पाणी मिळाले की ते विरघळते, गिलाव्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्यासोबत पृष्ठभागाकडे सरकते आणि पाणी उडून गेले की तिथेच स्फटिक धरते. स्फटिक वाढताना आजूबाजूला रेटा देतो. तो कुठे वाढतो यावर नुकसानीचा प्रकार ठरतो. खडक आणि गिलावा यांच्यामध्ये वाढला तर गिलावा पुढे ढकलला जाऊन फुगतो आणि एक दिवस अख्खा तुकडा खाली येतो. गिलाव्याच्या पोटात वाढला तर गिलाव्याचे पीठ होते. रंगाच्या लगेच मागे वाढला तर पोपडे सुटतात. नेफरतारीच्या कबरीत हे तिन्ही प्रकार सापडले.

पाणी आले कुठून? पहिला स्रोत खुद्द कारागीरच. ओल्या गिलाव्यातल्या पाण्याने खडकातले मीठ जागे केले, म्हणजे बिघाडाची सुरुवात बहुधा कबर बंद झाल्यानंतर लगेचच झाली. दुसरा स्रोत वाळवंटातला पाऊस. तो क्वचित येतो, पण आला की लोंढा घेऊन येतो. नोव्हेंबर १९९४ मध्ये अशाच पुराने या भागाला दणका दिला. तडकलेल्या खडकातून झिरपलेले पाणी भिंतीपर्यंत पोहोचते. तिसरा स्रोत आधुनिक आहे, तो म्हणजे पर्यटकाचा श्वास आणि घाम.

उघडणे, बंद करणे आणि सहा वर्षांचे काम

इटलीतल्या तुरीनच्या इजिप्शियन संग्रहालयाचे संचालक एर्नेस्तो स्कियापारेल्ली यांनी ही कबर १९०४ मध्ये शोधली. चोरांनी ती प्राचीन काळातच साफ केली होती. ग्रॅनाइटच्या शवपेटीच्या झाकणाचे तुकडे, काही छोट्या मूर्ती, एक सपातांचा जोड आणि ममीच्या गुडघ्यांचे अवशेष एवढेच हाती लागले. ते आज तुरीनमध्ये आहेत. या मोहिमेने मागे ठेवलेली सर्वांत उपयोगी गोष्ट मात्र वेगळीच : त्या वेळी काढलेली छायाचित्रे. पुढे १९८०च्या दशकात ती छायाचित्रे आणि समोरची भिंत ताडून पाहता आली. कोणता तुकडा आधीच पडलेला होता आणि कोणता नंतर पडला, हे त्यावरूनच ठरले. जुने छायाचित्र नसेल तर अशा ठिकाणी ‘बिघाड वाढतोय का?’ या प्रश्नाला केवळ मते मिळतात, उत्तर मिळत नाही.

जतनाचे काम हाती घेतले तेव्हा सुमारे पाचवा हिस्सा चित्रे गेलेली होती. इजिप्तचे पुरातत्त्व खाते आणि लॉस एंजेलिसची गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट यांनी मिळून ते केले. प्रत्यक्ष भिंतीवरच्या कामाचे नेतृत्व रोमचे पावलो आणि लॉरा मोरा या दांपत्याकडे होते.

१९८७ मध्ये आधी तातडीची मलमपट्टी झाली. सुटू पाहणाऱ्या तुकड्यांवर तुतीच्या सालीपासून बनणाऱ्या जपानी कागदाच्या हजारो पट्ट्या चिकटवल्या गेल्या. हा कागद पातळ असून तंतू लांब असल्याने चिवट असतो आणि नंतर रंगाला न दुखवता काढता येतो. पट्ट्या लावल्या याचा अर्थ दुरुस्ती झाली असा नाही. त्यांनी फक्त पुढचा अभ्यास होईपर्यंत तुकडा जागच्या जागी धरून ठेवला. या टप्प्याला फाटा देऊन थेट दुरुस्तीला हात घातला असता, तर एका ठिकाणी काम करताना होणाऱ्या कंपनाने शेजारचा भाग पडला असता.

मुख्य काम १९८८ ते १९९२. धूळ काढणे, पूर्वी कोणी कोणी लावलेली बेढब भरणी आणि चिकटपट्ट्या उतरवणे, गिलाव्यामागचे मिठाचे थर शक्य तिथे काढणे, पोकळीत पातळ मसाला सोडून गिलावा पुन्हा खडकाला टेकवणे, पोपडे अ‍ॅक्रिलिक राळेने बसवणे, असा क्रम होता. भरणीचा मसाला जिप्सम आणि स्थानिक वाळूचा. वाळू आधी धुऊन घ्यायची, नाहीतर दुरुस्तीच्याच हाताने भिंतीत नवे मीठ भरले जाते. सिमेंट वापरायचे नाही. ते मूळ गिलाव्यापेक्षा कितीतरी टणक असते, ताण आला की ते शाबूत राहते आणि शेजारचे जुने फुटते. शिवाय स्वतःचे क्षार आत सोडते.

गेलेली चित्रे पुन्हा रंगवली नाहीत. जिथे चित्र नाही तिथे शांत रंगाची भरणी, बस्स. पर्यटकांना कधी कधी हे अपुरे वाटते. पण आज भिंतीवर जो रंग दिसतो तो मूळ कारागिराचा आहे, हे खात्रीने म्हणता येते ते या निर्णयामुळेच.

दीडशे माणसांचे पाणी

आता संख्येकडे. स्वस्थ बसलेला माणूस श्वास आणि त्वचेवाटे तासाला साधारण ५० ते १०० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. उन्हातून चालत आलेला, पायऱ्या उतरलेला माणूस वरच्या आकड्याकडे झुकतो, कधी त्यापुढेही जातो. आपण १०० ग्रॅम धरू. १५० माणसे प्रत्येकी १० मिनिटे थांबली तर एकूण २५ मनुष्य-तास होतात, म्हणजे दिवसाला अडीच लिटर पाणी.

अडीच लिटर म्हणजे काही फार नाही, असे वाटते. मुख्य दफनकक्ष सुमारे ९० चौरस मीटरचा आहे. सरासरी उंची ३ मीटर धरली तर २७० घनमीटर हवा. २८ अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम बाष्प मावते. म्हणजे या खोलीची पूर्ण क्षमता ७.३ किलो. सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल तर त्यात २.९ किलो बाष्प आधीच आहे. त्यात २.५ किलो घातले आणि हवा अजिबात बदलली नाही, तर आर्द्रता ७४ टक्क्यांवर जाते. सोडियम क्लोराइड हवेतूनच पाणी ओढून विरघळू लागते ते ७५ टक्क्यांच्या आसपास.

हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्षात बाष्प बाजूच्या खोल्यांत आणि जिन्यात पसरते, काही बाहेर जाते आणि बराचसा भाग गिलावा शोषून घेतो. इथेच मोजमाप करणारे फसतात. आर्द्रतामापकावर ५० टक्के दिसले की ‘सगळे ठीक’ अशी नोंद होते. पण गिलावा स्पंजासारखा वागत असेल तर मापक स्थिर दिसण्याचे कारण भिंत पाणी पीत आहे, हेच असू शकते. जे पाणी जपायच्या वस्तूत मुरले, ते हवेच्या मापकावर दिसणार कसे?

म्हणून अशा ठिकाणी कार्बन डायऑक्साइड मोजणे जास्त बोलके ठरते. गिलावा तो बाष्पासारखा शोषत नाही. त्याच १५० माणसांनी प्रत्येकी ताशी २० लिटरच्या हिशेबाने ५०० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडला, तर २७० घनमीटरच्या बंद खोलीत त्याचे प्रमाण दशलक्षात सुमारे १,८५० भागांनी चढते. शेवटचा पर्यटक बाहेर पडल्यावर हा आकडा किती तासांत मूळ पातळीवर येतो, यावरून हवा बदलण्याचा वेग थेट काढता येतो. तासाला एकदा हवा बदलत असेल तर एका तासात वाढीव प्रमाण जवळपास ३७ टक्क्यांवर उतरते. दोन तासांत एकदाच बदलत असेल तर तेवढ्यालाच दोन तास लागतात.

हिवाळा श्वास घेतो, उन्हाळा घेत नाही

गेटीच्या शिन माएकावा यांनी सौरऊर्जेवर चालणारी यंत्रणा बसवून कबरीच्या हवेचा दीर्घ अभ्यास केला. त्यातला कळीचा निष्कर्ष भौतिकशास्त्राचा पहिला धडा वाटावा इतका साधा आहे. कबरीला तोंड एकच, वरच्या बाजूला, खोल्या खाली. हिवाळ्यात बाहेरची हवा थंड आणि जड असते. ती जिन्याच्या तळालगत आत उतरते आणि आतली उबदार हवा छताच्या बाजूने वर निघून जाते. पंखा न लावता हवा खेळती राहते. उन्हाळ्यात बाहेर ४० अंश असतात आणि आतली हवा त्या मानाने थंड व जड. ती खड्ड्यातल्या पाण्यासारखी तळाशी बसून राहते. बाहेरची हवा कोरडी असूनही आत शिरत नाही.

म्हणजे जानेवारीतल्या दीडशे माणसांचे बाष्प रात्रीत निघून जाऊ शकते, तर जुलैतल्या दीडशे माणसांचे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवसाच्या बाष्पावर साचत जाते. वर्षभर एकच आकडा ठेवला की तो हिवाळ्यात अकारण कडक आणि उन्हाळ्यात धोकादायक रीतीने सैल ठरतो.

हिवाळ्याचीही एक बाजू आहे. १० अंशांची, निम्मी आर्द्रता असलेली हवा आत येऊन २८ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता १७ टक्क्यांवर येते. थंडीत दिवसभर गर्दीने ओलावा चढवला आणि रात्रभर कोरड्या हवेने उतरवला, असे रोज घडले तर मिठाला विरघळणे आणि पुन्हा स्फटिक धरणे याचे चक्रच मिळते. एका स्थिर ६० टक्क्यांपेक्षा ३० ते ७० अशी रोजची उलथापालथ कित्येक भिंतींना जास्त महाग पडते. म्हणून हिवाळ्यातही दार सताड उघडे ठेवणे हा उपाय नव्हे.

मग यंत्राने हवा खेळवावी का? राजांच्या खोऱ्यातल्या तुतनखामेनच्या कबरीत गेटीने २००९ ते २०१८ या प्रकल्पात हवा गाळण्याची आणि खेळवण्याची यंत्रणा, नवा फलाट आणि कठडे बसवले. तिथला रंगवलेला भाग एका खोलीपुरता आहे. नेफरतारीत खोल्या अनेक, त्यात एक उतरता जिना आणि गिलावा कितीतरी नाजूक. वाऱ्याचा झोत भिंतीवर आला तर तो धूळ आणि पोपडे दोन्ही हलवतो. यंत्र बसवायचेच तर हवा हळू ओढणारे हवे, आणि वीज गेली किंवा गाळणी तुंबली तर पर्यटक थांबवण्याचा अधिकार दारावरच्या माणसाकडे हवा. आमच्या मते यंत्र नसण्यापेक्षा बंद पडलेल्या यंत्राच्या भरवशावर गर्दी सोडणे वाईट.

तिकीट नावाची झडप

१९९५ मध्ये तिकीट १०० पाउंड होते, म्हणजे तेव्हाचे तीस डॉलरच्या घरात. २००३ नंतर आम पर्यटकांना दार बंद झाले आणि विशेष परवानगीने मोजके गट जात राहिले. पुन्हा उघडण्यामागचे कारण अर्थकारणात आहे. २०१० मध्ये इजिप्तमध्ये सुमारे १ कोटी ४७ लाख पर्यटक आले होते. २०११ची क्रांती आणि २०१५ मध्ये सिनाईवर स्फोटाने पडलेले प्रवासी विमान यांनंतर २०१६ मध्ये हा आकडा ५४ लाखांच्या आसपास घसरला. पुरातत्त्व खात्याचा खर्च बराचसा तिकिटांवर चालतो. पहारेकऱ्यांचे पगार द्यायचे तर उत्पन्न हवे, म्हणून नेफरतारी आणि राजांच्या खोऱ्यातला फॅरो सेती पहिला यांच्या दोन बंद कबरी प्रत्येकी १,००० पाउंडांत खुल्या झाल्या.

महाग तिकिटाने गर्दी आपोआप आटोक्यात राहते, हा त्यामागचा तर्क. पण त्याच सुमाराला, ३ नोव्हेंबर २०१६ रोजी पाउंड बाजारावर सोडला गेला. डॉलरला ८.८ पाउंड असलेला दर वर्षअखेरीस १८च्या पुढे गेला. ११३ डॉलरचे तिकीट परदेशी माणसासाठी ५५ डॉलरवर आले. भिंतीत काही बदल झाला नव्हता, फक्त झडप निम्मी उघडली. पुढे दर वाढवले गेले, मार्च २०२४ मध्ये पाउंड पुन्हा कोसळला आणि तोच खेळ परत झाला. किंमत हा महसुलाचा मार्ग म्हणून ठीक आहे. आर्द्रतेचे नियंत्रण विनिमयदराच्या हाती देणे ठीक नाही. दोन्हींसाठी वेगळे नियम हवेत : किंमत खजिन्यासाठी, वेळापत्रक भिंतीसाठी.

वेळापत्रक कसे असावे? गट १० जणांचा, आत १० मिनिटे. असा एक गट वरच्या हिशेबाने सुमारे १७० ग्रॅम बाष्प सोडतो आणि दफनकक्षाची आर्द्रता दोन-सव्वादोन टक्क्यांनी चढवतो. डिसेंबर ते फेब्रुवारी अर्ध्या-अर्ध्या तासाने गट सोडता येतील. उन्हाळ्यात अंतर दीड-दोन तासांचे आणि गट फक्त सकाळी, म्हणजे निघालेल्या बाष्पाला पूर्ण दुपार आणि रात्र मिळेल. आठवड्यातून सलग दोन दिवस पूर्ण बंद. आतला कार्बन डायऑक्साइड ठरलेल्या रेषेवर गेला की पुढचा गट थांबणार, मग तिकीट काढलेले असो वा नसो. खरी अडचण याच शेवटच्या वाक्यात आहे. दारावरचा माणूस परदेशी गटाला ‘आज नाही’ म्हणेल का? वेळ छापलेले तिकीट आणि पैसे परत देण्याची सोय असल्याशिवाय म्हणणार नाही. उलट बक्षिशीपोटी १० मिनिटांची २५ होतील. तशी ती झाली की १० जणांचा गट २५ जणांइतके पाणी सोडून जातो.

अजिंठ्याला जाऊन आलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. फर्दापूर फाट्यावर गाड्या थांबवणे, चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडणे, फ्लॅशला बंदी. पण अजिंठ्याचे नियम उचलून इथे लावता येणार नाहीत. तिथे दर्शनी बाजू मोठी आणि मोकळी, ओलावा मुख्यतः पावसाळा आणतो. इथे तोंड अरुंद, पाऊस जवळजवळ नाही, त्यामुळे माणसाने आणलेल्या ओलाव्याचा वाटा खूपच मोठा ठरतो.

गट नेणाऱ्यांसाठी

राण्यांच्या खोऱ्याच्या साध्या तिकिटात नेफरतारी येत नाही, वेगळे तिकीट लागते. लक्सर पास, म्हणजे अनेक स्थळांचे एकत्रित तिकीट, याच्या महागड्या प्रकारात ती आणि सेती पहिला याची कबर समाविष्ट असत. कबर दुरुस्तीसाठी मधूनमधून बंद ठेवली जाते, त्यामुळे सहलीच्या जाहिरातीत ती ‘हमखास’ म्हणून छापू नये. लक्सरला पोहोचल्यावर आदल्या दिवशी खात्री करावी.

माहिती बाहेरच, सावलीत सांगून घ्यावी. आत बोलत उभे राहणे म्हणजे दिलेली मिनिटेही वाया आणि बाष्पही जास्त. पाठीवरच्या पिशव्या बाहेर ठेवाव्यात : जिन्यात वळताना माणूस पुढे पाहतो आणि पिशवी मागची भिंत घासते. खांबांजवळ हाच धोका सर्वाधिक. घाम टिपून, दोन मिनिटे थांबून मग आत शिरावे.

दहा मिनिटांत काय पाहायचे हे आधी ठरवलेले बरे. वरच्या कक्षात डाव्या हाताला राणी सेनेत नावाचा पट खेळताना दिसते. तिथे एक मिनिट. बाजूच्या खोलीत ती लेखनविद्येच्या थोथ देवासमोर उभी आहे, दुसरे मिनिट. जिना उतरताना पायाकडे लक्ष ठेवावे आणि खाली पोहोचल्यावर मान वर करावी : गडद निळ्या छतावर पिवळ्या पाच टोकांच्या चांदण्या. उरलेला वेळ चार खांबांच्या दफनकक्षाला. भिंतीवर मधेच मातकट रिकामे पट्टे दिसतील. ती मोरा दांपत्याच्या चमूची जिप्सम-वाळूची भरणी. कडेला पांढरी भुकटी किंवा ताजे पोपडे दिसले तर हात न लावता बाहेरच्या कर्मचाऱ्याला जागा सांगावी : कोणती खोली, कोणती भिंत, जमिनीपासून किती उंचीवर.